राखणपट्टी

एनिड स्टॅनिफोर्थ मनगटावरचं घड्याळ
दारातल्या डब्यात काढून ठेवायची, रोज सव्वासातला.
बाकीच्या बायकांची घड्याळंही त्यातच,
एकमेकांवर रेललेली, आपापलं टिकटिकणारी.
बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.
आत वेळ न्यायला बंदी होती.
नेलीच, तर ती आतच थांबायची.

शेफील्ड. कारखान्यामागून डॉन नदी
फिक्या चहासारखी वाहायची.

एनिडच्या टेबलावर नाल यायचे तेव्हा मुके असायचे.
लोखंड, निकेल, कोबाल्ट, चवीपुरतं ॲल्युमिनियम,
भट्टीत एकजीव होऊन वाळूत थिजलेले,
पण टाचणीसुद्धा उचलायचे नाहीत.
आत वस्त्याच वस्त्या,
ही म्हणे उत्तर, ती म्हणे नैर्ऋत्य,
आणि सगळ्यांची बेरीज शून्य.

नाल वेटोळ्यात ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं.
ठप्.
दिवे क्षणभर मलूल,
केसांतल्या पिना एका बाजूला ओढ घेणाऱ्या.
वीज आपला हात काढून घ्यायची,
नाल मात्र तो हात सोडायचा नाही.

लगेच, अगदी लगेच,
दोन्ही टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी आडवी घालायची.
तिला म्हणायचे राखणपट्टी.
ती नसली तर नाल स्वतःच्याच जोराने
आतून झिजत जातो, वर्षा-दोन वर्षांत निम्मा होतो.
फोरमन सिरिल हेग म्हणायचा,
मऊ लोखंड गरीब स्वभावाचं,
धरलंत तर तुमचं, सोडलंत तर कोणाचंच नाही.
एनिड घरी जाताना ट्राममध्ये विचार करायची,
ज्याला स्वतःचं काही लक्षात राहत नाही
त्यालाच का ठेवतात दुसऱ्याचं सांभाळायला?

कधी माल परत यायचा,
सायकलच्या डायनॅमोवाल्यांनी आपटलेला, मंदावलेला.
तो पुन्हा भट्टीत जायचा.
सुंभ जळतं पण पीळ जात नाही म्हणतात.
इथे उलट.
आठशे-नऊशे अंशांत पीळ तेवढा जळायचा,
सुंभ शाबूत.
थंड झालेला तो नाल
पहिल्या दिवसासारखा मुका, पाटी कोरी,
आणि एनिड पुन्हा पेडलवर पाय ठेवायची.

अठ्ठ्याहत्तर साली झाईरमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या.
खाणीची गावं रिकामी झाली.
एनिडने ते गाव नकाशात शोधलं,
सापडलं नाही, घडी नेमकी त्याच्यावरून गेली होती.
वीस वर्षं तिच्या नखांत जे काळं बसलं होतं
त्यातलं थोडं तिकडचं होतं,
हे तिला भावफलकावरून कळलं.
कोबाल्टचा भाव चढतच गेला.
शेवटी सिरिलने नवे चुंबक आणले:
काळे, ठिसूळ, कुंभाराघरचे वाटावेत असे,
गंजाच्या भुकटीचे, स्वस्त.
हट्टी इतके की त्यांना राखण लागत नाही.

राखणपट्ट्या भंगारात निघाल्या, दोन पिंपं भरून.
एनिडने एक ॲप्रनच्या खिशात टाकली.
नाल नाही घेतला एकही.
तिचं तिलाच नवल वाटलं.

आता ती पट्टी स्वयंपाकघराच्या खिडकीला असते,
तावदान वर राहावं म्हणून टेकू.
नात आली होती रविवारी, रोवेना, नऊ वर्षांची.
तिने फ्रिजवरचा काळा मासा काढून पट्टीच्या एका टोकाला लावला,
दुसऱ्या टोकाला टाचण्या लोंबल्या, सहा.
मासा काढला.
टाचण्या ओट्यावर पडल्या.
पाच.
सहावी लटकत राहिली, नुसती टोकाला धरून,
रोवेनाने फुंकर मारली तरीही.

एनिडने चष्मा पुसून पाहिलं.
"म्हणजे अगदीच गरीब नव्हतं तर," ती म्हणाली.
"सिरिल थापा मारायचा."
मग तिने मनगटाकडे पाहिलं, किती वाजले ते बघायला.
तिथे घड्याळ नव्हतं.